यादीबाहेरची चिमूट

दुर्गाघाट, वाराणसी
३ फेब्रुवारी २०२५

चि. रुचास आशीर्वाद.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून पत्र लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वाचता आलं तर वाच.

माझ्या पुतण्याच्या, ओजसच्या मुंजीला आलीस तेव्हा माझ्या कुंकवाची डबी नाकाशी धरून म्हणालीस, "आत्या, हे आमच्या दुकानात हवं." मी म्हटलं, ठीक आहे, तुझे बाबा माझे चुलतभाऊ, घरचीच पोरगी सांगते आहे, डबा भरून पाठवायचा आणि झालं. आणि काल तुमचा फॉर्म आला. अकरा पानं. हळद, लिंबू, तुरटी आणि सवागी, म्हणजे टाकणखार. चार वस्तूंना अकरा पानं? आमच्या सुनेचं, वैदेहीचं लग्न जमवताना तिच्या बापाने इतकं विचारलं नव्हतं.

पाचव्या पानावर लिहिलं आहे, मालात जे जे पडतं ते सगळं लिहा, कितीही कमी असो. मी चार वस्तू लिहिल्या. खाली सही केली.

हे काम मला हवं आहे, ते मी लपवत नाही. पंचवीस वर्षं मी कुंकू करते आहे. घाटावरच्या दुकानांत ते पुडीत बांधून जातं, कुणी केलं ते कुणी विचारत नाही. तुमच्याकडे डबीवर नाव येतं असं तू म्हणालीस. एकदा तरी माझं नाव छापलेलं बघायचं आहे. शिवाय वैदेही आणि शेजारची लीला, दोघी माझ्याबरोबर राबतात. दिवाळीच्या आधी ऑर्डर आली तर दोघींना वर्षभर काम.

तुझ्या काकांना पूजेची गडबड, त्यांनी आशीर्वाद सांगितला आहे. उत्तर दे, लवकर दे.

नंदाआत्या

*

पुणे
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय नंदाआत्या, नमस्कार.

तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. फॉर्म पोचला.

एक गोष्ट आधीच सांगते, रागावू नकोस. मालात विषारी काही आहे का हे बघणाऱ्या विभागात मी काम करते, पण तुझी फाईल मी बघणार नाही. तू माझी आत्या आहेस हे मी पहिल्याच दिवशी लिहून दिलं. फाईल स्वरदाताईंकडे गेली आहे. त्या माझ्या वरिष्ठ, आणि त्यांच्यापुढे ओळख चालत नाही.

अकरा पानांचं म्हणशील तर आमच्याकडे एक यादी आहे. खेळणी, भांडी, साबण, कपडे, काहीही असो, त्यात जे असता कामा नये अशा पदार्थांची. दरवर्षी ती वाढते. बनवणाऱ्याने काय घातलं ते लिहायचं, मग आम्ही बाहेरच्या प्रयोगशाळेकडून तपासून घ्यायचं. आमच्या प्रयोगशाळेत नाही, कारण आपला माल आपणच पास केला असं कुणी म्हणू नये. सरकारची मर्यादा असते, आमची त्याच्या निम्मी.

तुझ्या कुंकवात चारच वस्तू आहेत हे वाचून स्वरदाताई खूश झाल्या. म्हणाल्या, इतकी छोटी यादी फार दिवसांत पाहिली नाही.

नमुना नीट बंद करून पाठव.

तुझी रुचा

*

दुर्गाघाट
९ मार्च २०२५

चि. रुचास,

तुमच्या प्रयोगशाळेला डोळे दाखवून घ्यायला सांग.

आज कागद आला. वैदेहीने वाचला आणि तिचं तोंड उतरलं. मी म्हटलं, मोठ्याने वाच. "शिसे, दहा लाख भागांत तेराशे. मर्यादा दहा. नापास."

शिसं म्हणजे आमच्या घाटावरचे मल्लाह नावाडी जाळ्याला गोळ्या बांधतात ते ना? माझ्या कुंकवाने मला मासे धरायचे आहेत का? मी हळकुंड स्वतः फोडते, लिंबं स्वतः पिळते, सवागी तोलून घालते. माझ्या सासूबाईंनी शिकवलेलं कुंकू आहे. या गल्लीतल्या बायका लग्नाला, बारशाला, सवाष्णीच्या ओटीला माझ्याकडूनच नेतात.

तुझ्या काकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, दुसऱ्या कुणाचा निकाल चुकून आपल्या लिफाफ्यात आला असेल. मलाही तसंच वाटतं. पुन्हा तपासायला सांग. आणि त्या स्वरदाबाईंना विचार, कधी हाताने कुंकू केलं आहे का.

नंदा

*

पुणे
१७ मार्च २०२५

प्रिय आत्या,

लिफाफा बदललेला नाही. त्यांनी नमुन्याचा अर्धा भाग सीलबंद ठेवलेला असतो, तोच पुन्हा तपासला. निकाल तोच.

तू खोटं लिहिलंस असं इथे कुणीच म्हणत नाही. शिसं फक्त गोळ्यांत नसतं, काही रंगांतही असतं. मला दाट संशय आहे हळदीचा. हळकुंडं उठावदार दिसावीत म्हणून काही ठिकाणी त्यांना पिवळी पूड चोळून चकाकी देतात, आणि त्या पुडीत शिसं असतं. तू बिचारी चांगली दिसते म्हणून तीच निवडून घेत असशील.

असं कर. चारही वस्तू वेगवेगळ्या पिशव्यांत पाठव. स्वरदाताईंनी एक-एक तपासायचं ठरवलं आहे. नापास झालेल्या मालाचं कारण शोधायला आम्ही बांधील नसतो, पण त्या म्हणतात, नुसतं नापास म्हटलं तर तो माल दुसरीकडे कुठेतरी विकला जातो आणि शिसं जिथल्या तिथे राहतं.

तुझी रुचा

*

दुर्गाघाट
२ एप्रिल २०२५

चि. रुचास,

पिशव्या रजिस्टर पोस्टाने पाठवल्या.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच उठून बाजारात हळदवाल्याच्या गादीसमोर जाऊन उभी राहिले. चार गिऱ्हाइकं बसली होती. मी म्हटलं, "का हो भैया, हल्दी में क्या मलते हो?" तो म्हणाला, "माताजी, कुछ नहीं मलते." मी म्हटलं, "पुणे से कागज आया है." एवढं बोलले आणि मग माझं तोंड थांबेना. त्याच्या बापाच्या वेळेपासून आम्ही तिथून घेतो, तेही काढलं.

त्या माणसाने पोत्यातून एक हळकुंड उचललं, तोंडात टाकलं आणि माझ्याकडे बघत कडाकडा चावून खाल्लं. सगळे दात पिवळे. म्हणाला, "अब बताइए."

मी म्हटलं, नाटकं नकोत, निकाल आला की बघू.

वैदेहीला पाचवा महिना लागला आहे. बरी आहे. चाळायचं काम ती बसल्या बसल्या करते.

नंदा

*

पुणे
१४ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,

आधी हळदवाल्याची माफी माग. हळद स्वच्छ आहे. तुरटी स्वच्छ. सवागी मर्यादेत. लिंबात काय असणार.

स्वरदाताईंनी चारही कागद टेबलावर मांडले आणि म्हणाल्या, "चार वस्तू स्वच्छ, म्हणजे शिसं पाचव्या वस्तूत आहे. पाचवी काय ते बाईंना विचार."

मी खूप विचार केला. तुझी चाळणी जुनी आहे ना? पितळेची, कडेला डाग देऊन सांधलेली? डाग द्यायच्या धातूत शिसं असतं. किंवा ज्या डब्यात साठवतेस त्याचा आतला रंग उडतो का? बघ आणि कळव. चाळणीच असेल तर प्रश्न सुटला, नवी घे आणि नवा नमुना पाठव.

तुझी रुचा

*

दुर्गाघाट
२४ एप्रिल २०२५

चि. रुचास,

चाळणी असेल. नवी स्टीलची आणली. नवा नमुना आजच पाठवते आहे. हा पास होईल. आता झंझट संपवा.

हळदवाल्याकडे गेले होते. माफी मागितली. त्याने चहा पाजला.

घरात पाहुणे आहेत, जास्त लिहीत नाही.

नंदा

*

पुणे
१९ मे २०२५

प्रिय आत्या,

पास. शिसं मर्यादेच्या आत. स्वरदाताईंनी कागदावर सही केली. आधी चाळीस शाखांत ठेवायचं ठरलं आहे, दिवाळीच्या आधी. डबीवर नाव कसं छापायचं ते कळव. मी ऑफिसात पेढे वाटले, आणि फाईल माझी नसल्यामुळे मला वाटायचा हक्क नाही असं स्वरदाताई म्हणाल्या. पेढा मात्र खाल्ला.

दोन गोष्टी राहिल्या. जुनी चाळणी टाकली नसशील तर पाठव. त्यांना तिच्यातलं शिसं मोजायचं आहे, म्हणजे बाकीच्या बनवणाऱ्यांना सावध करता येईल.

दुसरी महत्त्वाची. वैदेही रोज चाळायची म्हणालीस. जुन्या कुंकवाची पूड तिच्या नाकातोंडात गेली असणार. शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं, त्याच्या मेंदूला धोका असतो. घाबरवत नाही, पण तिच्या रक्ताची तपासणी करून घे. या आठवड्यात.

आमच्याकडे मागच्या महिन्यात काय झालं ते सांगते. लहान मुलांच्या एका रंगपेटीतल्या लाल कांडीत नको ते निघालं. बाराला निकाल आला. साडेबाराला सगळ्या शाखांच्या काउंटरवरच्या यंत्राने ती पेटी वाचणं बंद केलं. विकायची म्हटली तरी विकली जात नाही. संध्याकाळपर्यंत फळ्या रिकाम्या. ज्यांनी आधी नेली होती त्यांना फोन करून परत मागवली, आणि प्रत्येक दुकानाच्या दाराशी कागद लावला की चूक आमची आहे, कारण विकली आम्ही. बनवणारा दुसराच होता. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, इतकं कशाला. आता वाटतं, आपण बरोबर जागी आहोत.

तुझी रुचा

*

दुर्गाघाट
२७ मे २०२५

चि. रुचास,

हे पत्र स्वरदाबाईंना दाखव. तू एकटी वाचून ठेवून देऊ नकोस.

चाळणीचं खोटं आहे. चाळणी कधी डाग दिलेली नव्हती. तू सुचवलंस, मी धरलं.

पाचवी वस्तू शेंदूर. सासूबाईंची रीत होती, नवा घाणा मळायला घेतला की घरातल्या मारुतीच्या अंगावरच्या शेंदराची एक चिमूट आधी त्यात टाकायची. शकून म्हणून. मी यादीत लिहिला नाही कारण शकून कुणी यादीत लिहीत नाही. फॉर्म भरताना तो माझ्या मनातसुद्धा आला नाही, हे खरं आहे. पण तुझ्या पत्रात पाचवी वस्तू हे शब्द वाचले आणि त्याच क्षणी मला कळलं. तेव्हापासून गप्प बसले, हेही खरं आहे.

अजून आहे. चिमूट घातली की कुंकवाला जरा झळाळी येते. गिऱ्हाईक डबी उजेडाला धरतं, लालबुंद दिसली की घेतं. मग मी दोन चिमटी घालायला लागले. मग पूजेची पळी घेऊन पळीभर. देवाच्या अंगावरचा कुठून पुरणार, मग बाजारातून शेंदराचा पुडा आणायला लागले. दहा किलोच्या घाण्याला पळीभर. त्याला मी अजून शकूनच म्हणत होते.

तुमच्यासाठी जो नमुना केला त्यात शेंदूर घातला नाही. घाटावर जो माल गेला त्यात घातला. एकाच पाट्यावर, एका दिवसाच्या अंतराने. तुमच्या काउंटरचं यंत्र माल अडवतं. माझ्या गल्लीत यंत्र नाही, म्हणून तिथे चालून गेलं.

बनवणारा दुसरा, आणि कागद यांनी लावला, हे तुझं वाक्य मी तीनदा वाचलं. दुकानदार विकलेला माल आपणहून परत मागतो हे मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. इथे विकलं की हात झटकतात. मीही झटकले.

वैदेहीला काल दवाखान्यात नेऊन रक्त दिलं. सगळं तिला सांगितलं. ती पदर तोंडावर घेऊन बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

ऑर्डर रद्द करायची तर करा. मला एवढंच सांग, पळी सोडून पुन्हा चिमटीवर आले तर चालेल का? की चिमूटही नको? आणि बाजारात लाल रंगाची दुसरी पूड मिळते, ती चालते का?

नंदा

*

पुणे
९ जून २०२५

प्रिय आत्या,

पत्र स्वरदाताईंना दिलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि वाचलं. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "वीस वर्षं हे काम करते आहे. नापास निकालावर भांडणारे रोज भेटतात. पास झालेला निकाल परत करणारी ही पहिली."

तरीही निकाल रद्द झाला. फाईल बंद. त्यात त्यांनी तसूभर सूट दिली नाही, आणि मी मागितली नाही.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. शेंदूर म्हणजे बहुतेक वेळा शिसंच असतं, त्याचा रंगच शिशाचा. चिमूट म्हणजे अर्धा ग्रॅम धरला तरी दहा किलोच्या घाण्यात आमच्या मर्यादेच्या चौपट होतो. म्हणून चिमूटही नको. बाजारातली लाल पूड तर मुळीच नको. एक विष काढून त्याच्या जागी दुसरं घालायचं, ही चूक मोठ्या मोठ्या कंपन्यांनी केली आहे. त्या पुडीत वापरतात ते रंगही यादीत आहेत. हळदीचं कुंकू जितकं लाल होतं तितकंच लाल.

फाईल नव्याने उघडता येते. त्यासाठी स्वरदाताई स्वतः जुलैत तुझ्याकडे येतील, जागा बघायला. त्यांनी आपणहून सांगितलं आहे, सहसा त्या दुसऱ्यांना पाठवतात.

वैदेहीचा निकाल आला का? रोज विचार येतो. आत्या, माझं चुकलं. मी तुला चाळणी सुचवायला नको होती. माझी आत्या चुकीचं करेल हे मला धरायचंच नव्हतं. म्हणूनच फाईल माझ्याकडे देत नाहीत.

तुझी रुचा

*

दुर्गाघाट
१४ ऑगस्ट २०२५

चि. रुचास आशीर्वाद.

आधी वैदेही. पहिल्या तपासणीत शिसं चढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून खडसावलं, मी ऐकून घेतलं. तिला कामापासून दूर केलं, गोळ्या दिल्या, दूध, गूळ, पालक. परवा दुसरा निकाल आला, निम्म्यावर उतरलं आहे. बाळाची वाढ ठीक आहे म्हणतात. पुढे काय ते पुढे कळेल, असंही म्हणतात. वैदेही आता माझ्याशी बोलते. पहिलं वाक्य काय बोलली सांगू? "आई, लीलाताईंचंही रक्त तपासा, त्याही चाळतात." मला सुचलं नव्हतं. तपासलं. तिचंही चढलेलं आहे, उतरेल.

तुम्ही रंगपेट्या मागवल्या तसं मी माझं कुंकू मागवलं. यंत्र नाही, पाय आहेत. दुर्गाघाटापासून सुरुवात केली, ब्रह्माघाट, बालाजी घाट, मग पूल ओलांडून रामनगरची तीन दुकानं. नवं कुंकू पिशवीत घेऊन जायचे, जुनं परत घ्यायचे. रामनगरचा दुकानदार म्हणाला, "चाची, किसका माल खराब निकला?" मी म्हटलं, "हमारा ही." दुसरा म्हणाला, "पच्चीस साल से लोग लगा रहे हैं, कौन मरा?" मी म्हटलं, "मरा नहीं, तो लगाते रहें?" त्याने पुडे आतून काढून दिले. घरोघरच्या बायकांनी जास्त त्रास दिला. म्हणाल्या, नवं फिकं आहे. आहेच फिकं. हळदीचं आहे.

तुझे काका आठवडाभर रुसले होते. "घरातल्या देवाचा मान काढलास," म्हणे. लीलानेच त्यांना गप्प केलं. म्हणाली, "भाऊजी, देवाचा शेंदूर कुंकवात कशाला? घाणा झाला की कुंकूच देवापुढे ठेवा की." आता तसं करतो. पहिली वाटी मारुतीपुढे.

स्वरदाबाई आल्या. मला वाटलं होतं, कुणी साहेबीण येईल, नाकाला रुमाल लावून. पन्नाशीची बाई, खांद्याला झोळी, गल्लीत म्हशीला हाताने बाजूला करून आली. चहा आधी घेतला नाही. पाटा, पाट्याखालची फरशी, कोनाडा, चाळणी, सगळीकडे कापसाचे बोळे फिरवून नळ्यांत भरले. कोनाड्यात शेंदराची डबी होती. मी विचारलं, "देव बाहेर काढू का?" म्हणाल्या, "देव राहू द्या, डबी इथून न्या. आणि डबी हलवली की हात धुवा." जुना पाटा गेला. त्याच्या रेघांत शिसं मुरलं होतं. सासूबाईंचा पाटा, मला वाईट वाटलं. बाईंनी तेही ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "तरी तो जाणार."

गोळा केलेल्या जुन्या कुंकवाची दोन पोती झाली होती. मी ती गंगेत सोडणार होते. कुंकू आहे, उकिरड्यावर कसं टाकायचं? होडी ठरवली होती. बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "नंदाताई, तुमच्या सुनेच्या रक्तातून जे काढताय ते गंगेत घालणार?" मी होडीवाल्याला परत पाठवलं. मला हे दिसलंच नव्हतं, बघ. पोती त्यांनी बंद ड्रममध्ये भरून घातक कचरा घेणाऱ्यांच्या गाडीवर चढवली, पावती माझ्या हातात दिली. मग चहा घेतला. दोन कप.

त्या गेल्यावर मी खूप वेळ विचार केला. इतकी मोठी दुकानं, रोज हजारो वस्तू, आणि तरी एका गल्लीतल्या एका बाईच्या कोनाड्यापर्यंत कुणीतरी येऊन पोचतं. मी समजत होते मोठे लोक फक्त गल्ला बघतात. बघत असतील. पण ही बाई पाट्याखालची फरशीही बघते.

आता तू परवा फोनवर विचारलंस त्याचं उत्तर. हो, तुमच्या दुकानाचं पत्र आलं. नवा निकाल पास, फाईल पुन्हा उघडली, दिवाळीला चाळीस शाखा. डबीच्या मागे चार वस्तू छापायच्या आणि माझं नाव. खाली लिहिलं आहे, पहिलं वर्षभर प्रत्येक घाणा तपासू, त्यानंतर मधून मधून.

ते मी मान्य केलं नाही. परत लिहून पाठवलं आहे, वैदेहीकडून नीट लिहून घेतलं, सही माझी. वर्षभर नाही, कायम, प्रत्येक घाणा. वर्षाने मी सुधारेन असं त्यांना वाटत असेल. मी मला जास्त ओळखते. एका चिमटीची पळी व्हायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि त्यातल्या एकाही दिवशी मला वाटलं नाही की मी काही वाईट करते आहे.

नंदाआत्या